विश्वासाने सांगितलेली गोष्ट : ती कोठवर राखावी?

"कोणास सांगणार नसाल तर एक गोष्ट सांगतो," हे शब्द ज्याच्या कानी कधी पडले नाहीत असा शिक्षक, पंच, पाळक अगर वडील मनुष्य आमच्या खेड्यांत क्वचितच सापडेल. ऐकणारा बहुधा लागलीच उत्तर देतो, "सांग, माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही." मग सांगणारा बोलू लागतो, आणि पुष्कळ वेळा जे कळते ते असे असते की, ते पोटात ठेवणेही कठीण व ओठांवर आणणेही कठीण. अशा वेळी ऐकणाऱ्याचे कर्तव्य काय, हा आजच्या पाठाचा विषय होय.

दुःखी मनुष्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेऊन त्यास आपला मार्ग आपणच शोधावयास साहाय्य करणे, ह्या कामास हल्ली समुपदेशन असे नाव आहे. हे काम शिकलेले लोक आहेत, त्यांच्या परीक्षा आहेत, आणि त्यांनी आपल्या वागणुकीसाठी नियमही घालून घेतले आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघाने आपली पहिली नीतिसंहिता १९५३ साली छापून प्रसिद्ध केली, व तेव्हापासून तिच्यात वेळोवेळी सुधारणा होत आल्या आहेत. आमच्या वाचकांपैकी फारच थोडे ह्या धंद्यात असतील. तथापि अंगणवाडीच्या बाई, आशा कार्यकर्त्या, शाळामास्तर व मंडळीतील वडील ह्यांच्याकडे लोक आपले मन मोकळे करावयास येतातच. म्हणून त्या धंद्यातील शहाण्या लोकांनी फार किंमत देऊन जे धडे मिळविले, ते आपणांस फुकट मिळत असता ते न घेणे हे शहाणपणाचे होणार नाही.

१. गुप्तता का राखावयाची?

शरीराची जखम वैद्यास डोळ्यांनी दिसते. मनाची जखम दिसत नाही. ती ज्याची त्याने शब्दांनी दाखवावी तेव्हाच दिसते. आणि आपले शब्द चव्हाट्यावर जातील अशी शंका ज्यास आहे, तो जखम झाकून ठेवतो. म्हणून गुप्तता हा समुपदेशनाचा केवळ शिष्टाचार नव्हे, तर पाया आहे. पुरातन ग्रीक वैद्य हिप्पोक्रातीस ह्याच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही, रोग्याच्या घरी जे दिसेल किंवा ऐकू येईल ते बाहेर बोलणार नाही, असे वचन आहे.

ह्या तत्त्वाचे वजन किती हे एका निकालावरून कळेल. अमेरिकेत एका पोलीस अंमलदार स्त्रीच्या गोळीने कामावर असता एक मनुष्य ठार झाला. त्यानंतर ती स्त्री एका परवानाधारक समाजसेविकेकडे समुपदेशनासाठी जात असे. मृताच्या कुटुंबाने दावा लावला, तेव्हा त्या भेटींची टिपणे कोर्टापुढे आणावी अशी मागणी झाली. १९९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी असा निर्णय दिला की, उपचारासाठी झालेले असे संभाषण उघड करण्यास भाग पाडता येणार नाही. उद्या हे कोर्टात वाचले जाईल अशी भीती असेल तर कोणी मन उघडणारच नाही, आणि त्यात त्या एका मनुष्याचीच नव्हे तर सर्व समाजाची हानी आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

आमच्या देशात अशा संरक्षणाची मर्यादा अधिक अरुंद आहे. साक्षीपुराव्याच्या कायद्याने वकिलाजवळ झालेले बोलणे व पतिपत्नींचे आपसांतील बोलणे ह्यांस विशेष संरक्षण दिले आहे. पाळकास, वैद्यास अगर समुपदेशकास तसे दिलेले नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमानेही ह्या बाबतीत बदल केलेला नाही. म्हणून "कोर्टानेही विचारले तरी सांगणार नाही," असे वचन आपल्यापैकी कोणी देऊ नये. ते पाळणे त्याच्या हाती नाही.

परंतु आमच्या खेड्यांतील गुपिते कोर्टात फुटत नाहीत. ती विहिरीवर फुटतात, पारावर फुटतात, आणि सांगावयास खेद वाटतो, पण प्रार्थनासभेतही फुटतात. "अमक्याच्या सुनेसाठी आपण विशेष प्रार्थना करू या, तिच्या घरी फार अडचण आहे," असे कोणी कळकळीने म्हणतो. हेतू चांगला असतो. पण सभा सुटण्यापूर्वीच ती अडचण कोणती ह्याची चर्चा चपला घालता घालता सुरू होते, आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट षट्कर्णी होते. जिने विश्वासाने सांगितले तिची परवानगी घेतली होती काय? नसेल, तर दयेच्या वस्त्राखाली झाकलेला हाही विश्वासघातच होय. नाव न घेता सांगितले म्हणूनही तो टळत नाही. चाळीस उंबऱ्यांच्या वस्तीत नाव घ्यावे लागत नाही.

२. एक दुःखद हकीकत

गुप्तता एवढी मोलाची असेल, तर मग ती सर्व प्रसंगी राखावी काय? ह्या प्रश्नाने गेल्या शतकात एका मोठ्या खटल्याचे रूप घेतले. त्याची हकीकत आम्ही थोडी विस्ताराने देतो, कारण ती वरवर ऐकणारे तिच्यातून चुकीचा धडा घेतात.

भारतातून उच्च शिक्षणासाठी गेलेला एक तरुण कॅलिफोर्निया प्रांतातील बर्कली येथील विद्यापीठात जहाजबांधणीचे शास्त्र शिकत होता. तेथे तातियाना तरासॉफ नावाच्या तरुणीशी त्याची ओळख झाली. तिच्या स्नेहाचा त्याने जो अर्थ केला तो तिच्या मनात नव्हता, आणि तिने तसे त्यास स्पष्ट सांगितले. त्या तरुणाचे मन त्या धक्क्याने खचले. अभ्यास सुटला, तो एकलकोंडा झाला, आणि शेवटी विद्यापीठाच्या रुग्णालयात एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊ लागला. २० ऑगस्ट १९६९ ह्या दिवशी त्याने त्या मानसशास्त्रज्ञास सांगितले की, ती मुलगी सुट्टीहून परत आली म्हणजे मी तिला ठार मारणार. त्याने नाव घेतले नाही, पण ती कोण हे सहज कळण्यासारखे होते. ती त्या वेळी ब्राझील देशी गेली होती.

मानसशास्त्रज्ञाने ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. त्याने विद्यापीठाच्या पोलिसांस कळविले व त्या तरुणास मनोरुग्णालयात ठेवण्याची व्यवस्था व्हावी असे पत्र लिहिले. पोलिसांनी तरुणास ताब्यात घेतले, त्याच्याशी बोलून पाहिले, तो शुद्धीवर आहे असे त्यांस वाटले, आणि तिच्यापासून दूर राहीन असे वचन घेऊन त्यांनी त्यास सोडून दिले. पुढे त्या विभागाच्या मुख्याने ते पत्र परत मागविले, पत्राच्या प्रती व टिपणे नष्ट करावयास सांगितले, आणि त्यास रुग्णालयात ठेवण्याचा कोणताही प्रयत्न करू नये असा हुकूम दिला. तो तरुण पुन्हा उपचारास आला नाही.

दरम्यान त्याने त्या मुलीच्या भावालाच आपल्याबरोबर एका घरात राहावयास राजी केले होते. त्या भावास कोणी काही सांगितले नाही, आईबापांस सांगितले नाही, व मुलगी परत आल्यावर तिलाही सांगितले नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी तो तिच्या घरी गेला आणि त्याने तिचा प्राण घेतला.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. पुष्कळ लोक ही हकीकत ऐकून म्हणतात, "गुपित राखले म्हणून मुलगी मेली." तसे झालेले नाही. गुपित राखले गेलेच नव्हते. ते पोलिसांस कळले, वरिष्ठास कळले, कागदावर आले व कागद नष्टही झाले. जिचा जीव धोक्यात होता ती व तिचे आप्त सोडून ते इतरांस कळले. आणि तरुणाने ज्याच्याजवळ मन उघडले होते त्याच्यावरील त्याचा विश्वास तुटल्यामुळे उपचाराचा धागाही तुटला. म्हणजे गुप्तताही राहिली नाही व रक्षणही झाले नाही. सांगावे की न सांगावे एवढाच हा प्रश्न नव्हे. कोणास सांगावे, किती सांगावे, कशा रीतीने सांगावे, आणि सांगितल्यावर पुढे काय करावे, हा खरा प्रश्न होय.

३. न्यायाधीशांचे दोन पक्ष

मुलीच्या आईबापांनी विद्यापीठावर दावा केला. कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ न्यायालयाने १९७४ साली प्रथम असा निर्णय दिला की, अशा प्रसंगी उपचार करणाऱ्यावर धोक्यात असलेल्या व्यक्तीस इशारा देण्याचे कर्तव्य आहे. ह्यावर तज्ज्ञांत मोठी खळबळ झाली. न्यायालयाने पुन्हा सुनावणी घेतली, आणि १९७६ साली तोच निर्णय अधिक रुंद शब्दांत दिला: ज्याच्यावर हिंसेचे गंभीर संकट आहे त्याच्या रक्षणासाठी उपचार करणाऱ्याने वाजवी काळजी घेतली पाहिजे. ती काळजी कधी त्या व्यक्तीस इशारा देऊन घेतली जाईल, कधी पोलिसांस कळवून, कधी अन्य उपायाने. प्रसंग पाहून ठरवावे. इशारा देणे हा एक मार्ग आहे, रक्षण हा हेतू आहे.

परंतु सर्व न्यायाधीशांचे एकमत नव्हते, आणि विरुद्ध मताचे म्हणणे आमच्या वाचकांनी हलके समजू नये. ते म्हणणे असे: मनुष्य पुढे काय करील हे सांगण्याची विद्या कोणाजवळ नाही. रागाच्या भरात "जीव घेईन" म्हणणारे पुष्कळ, प्रत्यक्ष घेणारे फार थोडे. प्रत्येक शब्दासाठी इशारा देऊ लागलो, तर ज्यांस मदतीची सर्वांत अधिक गरज आहे तेच मदतीस यावयाचे थांबतील, आणि हिंसा घटण्याऐवजी वाढेल.

ह्या दोन्ही पक्षांत सत्य आहे असे आम्हांस वाटते. म्हणूनच पुढे १९८५ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने कायदा करून हे कर्तव्य मर्यादित केले: रोग्याने शारीरिक हिंसेची गंभीर धमकी दिलेली असावी, आणि कोणास धोका आहे ते वाजवी रीतीने ओळखता येत असावे. अमेरिकेच्या इतर प्रांतांत नियम एकसारखे नाहीत. काही ठिकाणी सांगणे कर्तव्य आहे, काही ठिकाणी सांगण्याची केवळ मुभा आहे.

४. आमच्या देशातील कायदे

आता आपल्या घराकडे वळू. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम हा २०१७ सालचा असून २०१८ साली अमलात आला. त्याच्या २३ व्या कलमाने मानसिक आजार असलेल्या प्रत्येक मनुष्यास आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. त्यास थोडे अपवाद आहेत. उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञास सांगता येते. दुसऱ्या कोणास इजा किंवा हिंसा होण्यापासून वाचविण्यासाठी सांगता येते. पण अशा वेळी त्या धोक्यापासून रक्षण होण्यास जेवढे आवश्यक आहे तेवढेच सांगावयाचे, अधिक नाही. जिवास धोका असेल तर तो टाळण्यासाठी सांगता येते. सक्षम न्यायालय अगर अधिकारी मंडळ ह्यांच्या हुकुमाने सांगावे लागते. हे कलम आरोग्यसेवकांसाठी आहे हे खरे. पण "जेवढे आवश्यक तेवढेच" हा त्यातील नियम प्रत्येक घरी उंबऱ्यावर कोरून ठेवण्यासारखा आहे.

दुसरा कायदा लहान मुलांसंबंधी आहे. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या अधिनियमाप्रमाणे, अठरा वर्षांखालील मुलावर असा अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे ज्यास कळेल, त्याने ते पोलिसांस कळविलेच पाहिजे. येथे शिक्षक, पाळक, डॉक्टर, मामा, चुलता असा भेद नाही. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, अगर दंड, अगर दोन्ही होऊ शकतात. "घराण्याची अब्रू जाईल," "मंडळीचे नाव खराब होईल," "पंचांत मिटवून टाकू," ही बोलणी येथे चालत नाहीत, आणि चालू नयेत. अशा मुलास कोणी आधीच "मी कोणास सांगणार नाही" असे वचन दिले असेल, तर त्या मुलाच्या नशिबी दुसऱ्यांदा फसवणूक येते. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो वाचकांनी पाठ करून ठेवावा.

५. पायरीपायरीने जाण्याचा नियम

सांगणे भाग पडले तर ते कशा रीतीने सांगावे, ह्याचा उत्तम नमुना आम्हांस तिसऱ्या एका कायद्यात आढळतो. तो म्हणजे एच. आय. व्ही. व एड्स ह्यांविषयीचा २०१७ चा अधिनियम. हाही २०१८ साली अमलात आला. ह्या रोगाची लागण झालेल्या मनुष्याने आपल्या जोडीदारास ते सांगितलेले नाही. तर डॉक्टराने किंवा समुपदेशकाने काय करावे? कायदा त्यास जोडीदारास सांगण्याची मुभा देतो, पण चार पायऱ्या चढून गेल्यावरच.

पहिली पायरी: जोडीदारास लागण होण्याचा मोठा धोका आहे असे मानण्यास वाजवी कारण असावे. दुसरी: त्या मनुष्याने स्वतःच आपल्या जोडीदारास सांगावे म्हणून त्यास समजावून सांगितलेले असावे. तिसरी: इतके करूनही तो सांगणार नाही अशी खात्री झालेली असावी. चौथी: "आता मी सांगणार आहे" असे प्रथम त्यासच कळविलेले असावे. नंतर जोडीदारास सांगावयाचे ते समक्ष, आणि त्यास धीर देऊन, समुपदेशन करून. ह्यावर आणखी एक कुंपण आहे: रोगी स्त्री असेल, आणि तिच्या नवऱ्यास सांगितल्याने तिला मारहाण होईल, घराबाहेर काढले जाईल, तिच्या अगर तिच्या मुलांच्या जिवास अपाय होईल अशी वाजवी भीती असेल, तर नवऱ्यास सांगावयाचे नाही.

ह्या पायऱ्यांत किती माणुसकी आहे ती पाहा. ज्याचे गुपित त्याच्याच तोंडून ते बाहेर यावे हा पहिला प्रयत्न. त्याच्या पाठीमागे काही करावयाचे नाही. जे करावयाचे ते त्याच्या देखत. आणि सत्य सांगितल्याने दुर्बळाच्या अंगावर कुऱ्हाड पडणार असेल, तर सत्य सांगणारानेही हात आवरावा. हा कायदा एका रोगापुरता आहे, आणि त्यातील अधिकार डॉक्टर व समुपदेशक ह्यांसच आहे; परंतु त्यातील क्रम आमच्या पुष्कळ कठीण प्रसंगी उपयोगी पडेल. कर्जाने गांजलेला नवरा बायकोपासून कर्ज लपवितो, परीक्षेत नापास झालेला मुलगा घरी खोटे सांगतो, अशा ठिकाणी ऐकणाऱ्याने स्वतः धावत जाऊन बातमी देऊ नये. "तूच सांग, हवे तर मी तुझ्याजवळ बसतो," असे म्हणावे. बहुतेक वेळा एवढे पुरते.

मात्र जिवाचा धोका अगदी समोर असेल, अगर लहान मुलाची गोष्ट असेल, तर पायऱ्या मोजीत बसण्यास वेळ नसतो. तेथे रक्षण आधी.

६. मर्यादा आधी सांगावी

ह्या सर्वांचे सार एका सवयीत आहे, आणि ती सवय कोणासही लावून घेता येईल. प्रशिक्षित समुपदेशक पहिल्याच भेटीत, दुसरे काही ऐकण्यापूर्वी, गुप्ततेचा नियम व त्याच्या मर्यादा दोन्ही सांगतो. आपण मात्र आधी वचन देतो व मग ऐकतो; आणि ऐकल्यावर एक तर वचन मोडतो, नाही तर वचनाच्या बेडीत अडकून एखाद्याचा जीव जाताना पाहत बसतो. दोहोंतही सांगणाऱ्याची फसवणूकच आहे.

म्हणून एखादी मुलगी येऊन म्हणाली, "बाई, तुम्हांला एक सांगायचंय, पण आईला सांगू नका," तर बाईंनी असे म्हणावे: "बाळ, तू मला जे सांगशील त्याचा मी बभ्रा करणार नाही. पण तुझ्या जिवाला किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुला कोणी वाईट हात लावीत असेल, तर मला मदतीला कोणाला तरी बोलवावं लागेल. तेव्हासुद्धा मी काय करणार ते आधी तुला सांगेन. आता सांग." असे म्हटल्यास मुलगी बोलणारच नाही, अशी भीती काहींस वाटेल. काही वेळा तसे होईलही. पण जी बोलेल ती जाणूनबुजून बोलेल, आणि पुढे बाईंनी मदत मागविली तर "तुम्ही मला फसविलंत" असे तिला म्हणावे लागणार नाही. कित्येक वेळा तर जो आपल्या मर्यादा उघड सांगतो, त्याच्यावरच लोक अधिक भरवसा ठेवतात.

७. जीव देण्याची भाषा

एका प्रसंगाविषयी वेगळे लिहिले पाहिजे. "आता जगण्यात अर्थ नाही," असे कोणी म्हणाला, तर आमचे लोक एक तर "असं अभद्र बोलू नये" म्हणून तोंड बंद करतात, नाही तर विषय बदलतात. विचारल्याने त्याच्या मनात नसलेला विचार येईल, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. "जीव द्यावा असं मनात येतं का?" असे स्पष्ट व मायेने विचारल्याने विचार रुजत नाही; उलट मनावरचे ओझे थोडे हलके होते. "होय" असे उत्तर आले, तर कसे, केव्हा, साधन जवळ आहे काय, हेही विचारावे. आमच्या शेतकऱ्यांच्या घरी कीटकनाशकाची बाटली कोनाड्यातच असते. ती त्या घरातून हलविणे हा पहिला उपाय. त्या मनुष्यास एकटे सोडू नये. आणि हे गुपित एकट्याने पोटात ठेवू नये. त्याच्या विश्वासातील घरच्या एकास त्याच्या देखत सांगावे, व त्यास डॉक्टरापर्यंत पोचवावे.

पूर्वी लोक अशा वेळी पोलिसांच्या भीतीने गप्प बसत. ती भीती आता उरू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच धरून चालावे, व त्यास शिक्षा करू नये, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने ठरविले. आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी जी न्यायसंहिता आली, तिच्यात हा जुना सर्वसाधारण गुन्हा ठेवलेला नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सरकारने टेली-मानस ही दूरध्वनीसेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतही बोलता येते. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

८. ऐकणाऱ्यासाठी चार नियम

आता कामाच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

पहिली: आपली पायरी ओळखावी. धीर देणे सर्वांस येते. आजार बरा करणे शिकलेल्याचे काम आहे. नैदानिक मानसशास्त्रज्ञांची नोंद १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. पाटी लावलेल्या मनुष्याकडे आपले माणूस नेण्यापूर्वी त्याचे शिक्षण व नोंद विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

दुसरी: नाते व काम ह्यांची सरमिसळ करू नये. ज्याच्याशी आपला जमिनीचा वाद आहे, ज्याचे देणे आपल्याकडे आहे, ज्याच्या मुलीस आपण सून करणार आहोत, त्याचे गुपित आपण ऐकू नये. त्यास मोकळेपणाने दुसऱ्या योग्य मनुष्याकडे पाठवावे. तसेच दुःखी मनुष्याच्या ओढीचा फायदा पैशासाठी अगर वासनेसाठी घेणे, ह्याहून नीच कर्म ह्या कामात दुसरे नाही.

तिसरी: अडचणीत सापडल्यास स्वतः सल्ला घ्यावा, पण नाव गाव न सांगता, आणि शक्यतो गावाबाहेरच्या जाणत्यापाशी. शेजाऱ्यापाशी घेतलेला सल्ला हा सल्ला नसून बातमी होते.

चौथी: सांगणे भाग पडले तर जो रक्षण करू शकेल त्यास सांगावे, जेवढे लागेल तेवढेच सांगावे, आणि सांगून मोकळे होऊ नये. ज्याचे गुपित उघडले त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. बर्कलीच्या हकीकतीत हेच राहून गेले: कागद इकडून तिकडे गेले, परंतु त्या तरुणाचा हात कोणी धरून ठेवला नाही, व त्या मुलीच्या दाराशी कोणी गेले नाही.

गुपित राखणारा मनुष्य गावाचे भूषण आहे. पण तो गुपिताचा धनी नव्हे, राखणदार आहे. दुसऱ्याची ठेव जपताना ज्याने ती ठेवली त्याचेच घर जळू लागले, तर राखणदाराने पेटी उराशी धरून बसावयाचे नसते. धन्यास हाक मारून, त्याच्या देखत, आग विझविणाऱ्यास बोलावयाचे असते. आणि आग नसेल तेव्हा पेटीचे झाकण कोणासाठीही उघडावयाचे नसते, मग विचारणारा कितीही मोठा असो व कारण कितीही गोड असो.

विचारासाठी प्रश्न

१. "कोणास सांगू नका" असे कोणी म्हटल्यास, ऐकण्यापूर्वी तुम्ही कोणते शब्द बोलाल? ते आपल्या बोलीत म्हणून पाहा.

२. तरासॉफ खटल्यातील कोणत्या क्षणी कोणी काय केले असते तर मुलगी वाचण्याचा संभव होता, आणि तरुणाचा उपचारही तुटला नसता?

३. आपल्या सभांत इतरांची दुःखे मांडताना त्यांची परवानगी घेण्याची रीत आहे काय? नसल्यास ती कशी पाडता येईल?

४. सत्य सांगितल्याने एखाद्या स्त्रीस मारहाण होण्याची भीती असेल, तर तुमच्या गावी तिच्या रक्षणासाठी प्रथम कोणाकडे जावे?